कॅप्रोनी सीए-१००, १:४८ रेझिन किट: धुळ्यात जोडून पाहिला

खऱ्या विमानाच्या १/४८ मापाचा, रेझिन या ओतीव प्लास्टिकचा हा मॉडेल किट घ्यावा. मात्र याआधी एखादं दुपंखी विमान जोडलेलं असावं आणि पंखांमधल्या तारा ओढायचा कंटाळा नसावा. युरोपातल्या एका लहान कारखान्याचा माल आहे. कुरियर आणि कस्टम धरून साडेआठ हजारांच्या घरात जातो. रक्कम लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. पोरांच्या हाताला कानस आणि व्हर्नियरची सवय लावण्यात नोकरी गेली. त्यामुळे लढाऊ विमानांपेक्षा शिकाऊ विमानांकडे माझा ओढा जास्त. स्पिटफायरचे किट हवे तितके मिळतात. ज्या विमानावर पोरं आधी उडायला शिकली, त्याचा किट मात्र शोधत बसावं लागतं.

सीए-१०० हे तसलंच विमान. विसाच्या दशकाच्या अखेरीस मिलानजवळच्या तालिएदोच्या कारखान्यात जान्नी कॅप्रोनींच्या कंपनीनं ते काढलं. मूळ आराखडा इंग्लंडच्या डी हॅविलंड डीएच-६० मॉथचा, परवाना घेऊन इटलीच्या गरजेप्रमाणे बदललेला. लाकडी सांगाडा, उघड्या दोन बैठका, एकामागे एक. इटलीच्या हवाई दलानं आणि फ्लाइंग क्लबांनी तिसाच्या दशकात यावर शेकडो वैमानिक घडवले. बल्गेरियात काझानलाकलाही ते बनत होतं. आपल्याकडे १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबकडे मॉथ विमानंच होती आणि जे.आर.डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत परवाना मिळाला तो याच क्लबात शिकून. त्याच क्लबची शिकाऊ विमानं आज आमच्या गोंदूर धावपट्टीवरून उडतात. सकाळी गच्चीवर मॉडेलचे भाग घासत बसलो की डोक्यावरून जातात. म्हणून हे इटालियन विमान मला परकं वाटलं नाही.

आता किटकडे. मॉथपासून सीए-१०० वेगळं ओळखू येतं ते पंखांमुळे. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख मोठा किंवा दोन्ही सारखे असतात. इथे उलट आहे, खालचा पंख लांब आणि वरचा आखूड. निर्मात्यानं हे अगदी नेमकं पकडलंय. खालच्या पंखाचा विस्तार प्रत्यक्षात १० मीटर, म्हणजे १:४८ ला सुमारे २०.८ सेंटीमीटर, स्केल लावून पाहिलं, बरोबर भरलं. कापडाखाली पंखाच्या फासळ्या जशा किंचित उठून दिसाव्यात तशाच दिसतात. स्वस्त किटमध्ये त्या पत्र्याच्या पन्हाळीसारख्या येतात, इथे नाही. शेजारचा एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, पाहून म्हणाला, "सर, हाऊ वरना पंख धाकला कसा?" तो प्रश्न पडला यातच किटची पावती आहे.

नाकाचे दोन पर्याय दिलेत, एक सरळ रांगेतल्या सिलिंडरांचं जिप्सी इंजिन आणि दुसरं सात सिलिंडरचं फियाट ए-५०. फियाटचे सिलिंडर सुटे आहेत आणि त्यांच्या फिन्स, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पात्या, इतक्या बारीक की वरून काळी शाई सोडली की आपोआप खोली येते. मी तेच लावलं.

सर्वात मोठा दोष बैठकींत आहे, आणि तो मला खरोखर लागला. सुकाणूचे पायटे दोन्हीकडे आहेत, पण कंट्रोल स्टिक फक्त एकच दिली आहे. अहो, हे शिकवण्याचं विमान! शिकणाऱ्याचा हात चुकला की शिकवणाऱ्याच्या हातात तीच दांडी असली पाहिजे, त्याशिवाय विमानाला अर्थच नाही. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसानं हे सोडावं याचं वाईट वाटलं. दुसरी स्टिक मी पितळी तारेची केली, वर डिंकाचा थेंब देऊन मूठ बनवली.

तणावाच्या तारांसाठी डब्यात नायलॉनचा दोरा येतो. तो वापरू नका, धुळ्याच्या मे महिन्यात ढिला पडतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ४० गेजची तांब्याची तार घ्या. शेतीपंपांमुळे अशी दुकानं खान्देशात गावोगावी आहेत, वीतभर तारेचे कुणी पैसेही घेत नाही. जाडी ०.१२ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात साधारण सहा. काचेवर ठेवून पट्टीखाली एकदा लाटली की दोऱ्यासारखी सरळ होते. आधी सगळ्या भोकांत टोकं बसवून घ्या, वरचा पंख मग चढवा.

खालचा पंख मला थोडा वाकडा मिळाला. गरम पाण्यात बुडवून सपाट काचेवर दाबून ठेवला, सरळ झाला. मार्च ते जूनमध्ये मात्र रेझिनचं काही मागवू नका. पार्सल कुरियरच्या टपावर दिवसभर तापतं.

डेकल, म्हणजे भिजवून चिकटवायची चिन्हं, पातळ आणि छान आहेत. शेपटीवर हिरवा-पांढरा-तांबडा पट्टा, हिरवा पुढच्या अंगाला, मध्ये इटलीच्या सावॉय राजघराण्याची ढाल, सगळं योग्य. पंखांवर फॅशिस्ट राजवटीचं चिन्ह आहे. मी ते लावलं आणि पाहायला येणाऱ्या पोरांना ते काय होतं हे सांगतोही. ते लपवून मॉडेल खोटं करायला माझा हात धजला नाही. चंदेरी रंग पहाटेच फवारा, दहानंतर रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो.

इटलीत कोमोच्या एरो क्लबनं १९३५ चं एक सीए-१०० फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पाय, लावून जपलंय, तळ्यावरून उडवतात. या किटमध्ये फ्लोट नाहीत. निर्मात्याला मी लिहिलंय, पुढच्या आवृत्तीत फ्लोट द्या, आणि त्याआधी दुसरी स्टिक द्या.