सफरचंदाच्या बहरात मधमाश्यांची कोणती पेटी ठेवावी: सातेरी की मेलिफेरा?

हिमाचलात एप्रिल लागला की सफरचंदाच्या बागेत छाटणी, आळी, खतं सगळं मागे पडतं. जीव फक्त फळधारणेत अडकलेला असतो. रॉयल डेलिशियस या सफरचंदाच्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही; गोल्डन किंवा टायडमनसारख्या दुसऱ्या जातींच्या झाडांवरून तो माशीनेच आणावा लागतो. अशी परागदाती झाडं बागेत पुरेशी नसतील, तर पेटी कुठलीही ठेवा, उपयोग बेताचाच.

महाबळेश्वरच्या मधपाळांची सातेरी ही देशी मधमाशी हिमाचलातही मूळचीच. मेलिफेरा युरोपातली, कांगड्यातल्या नगरोटा बगवाँ इथे ती 1962 पासून आपल्याकडे रुजली. मोहरी संपली की मैदानातले मधपाळ तिच्या पेट्या ट्रकने वर आणतात.

मधाचा हिशेब केला तर मेलिफेरा कितीतरी पुढे. पण बागायतदाराने सकाळचा गारवा बघावा. सातेरी थंडीतही लवकर कामाला लागते आणि संध्याकाळी उशिरा परतते. मेलिफेराला ऊन चढावं लागतं. बहरात चार दिवस ढगाळ गेले, तर तेवढ्या वेळावर पीक अवलंबून असतं.

डेलिशियसच्या फुलाजवळ थोडा वेळ थांबून बघा. पुंकेसरांच्या बुडाशी फटी असतात. मकरंदासाठी आलेल्या मेलिफेराला त्या सापडल्या, की ती पाकळीवर बसून बाजूनेच सोंड घालते आणि कुक्षीला, म्हणजे पराग जिथे पडायला हवा त्या टोकाला, न शिवता उडून जाते. बागेत गुणगुण भरपूर, फळ मात्र कमी! मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन फुलाच्या मधोमध उतरणारी माशी खरी कामाची.

सातेरीचं दुखणं वेगळं. वसाहत लहान, म्हणून पेट्या जास्त लागतात. त्रास झाला की ती घर सोडून जाते, आणि थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने अळ्या मरतात. वर्षभर लक्ष घालणारं माणूस हवंच.

बाग उंचावर, लहान आणि घरचं कुणी तिथेच राहणारं असेल, तर मी सातेरीच सांगेन. खालच्या उबदार पट्ट्यात मोठी बाग असेल तर मेलिफेरा भाड्याने घ्या, पण पेटी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका: पोळ्यांवर माश्या दाट हव्यात आणि अळ्या भरपूर, कारण अळ्यांना भरवायला त्यांना पराग लागतोच.

पाच-दहा टक्के फुलं उमलल्यावर पेट्या रात्री आणा. आधी आणल्या तर माश्या रानफुलांकडे वळतात. गुलाबी कळीपासून पाकळ्या गळेपर्यंत कीटकनाशक बंद. शेजारच्या बागेतली फवारणी कधी आहे, तेही आधीच विचारून घ्या.