रिफर्बिश्ड सर्व्हर बोर्ड आणि त्यातलं फुकटचं रेड: लावणं, चालवणं आणि काढणं

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बोर्डाच्या स्पीडचा नाहीये. स्पीड बघायचा असेल तर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पडलेत. मला लिहायचंय ते बोर्डावरच्या बूटेबल रेडबद्दल (रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून चालवणं, बूटेबल म्हणजे त्यावरूनच मशीन सुरू होणं), कारण त्यावर मराठीत कोणी लिहीत नाही आणि डीलर विकताना "सर रेड पण आहे यात" एवढंच बोलून मोकळा होतो.

वागळे इस्टेटला रोड नंबर सोळाच्या आसपास माझी एएमसीची (वार्षिक मेंटेनन्स कंत्राटाची) बरीच कामं आहेत. सीए ऑफिस, दोन-तीन छोटे कारखाने, एक पॅथॉलॉजी लॅब. सगळ्यांचं म्हणणं एकच, टॅली चालली पाहिजे, शेअर फोल्डर उघडला पाहिजे, आणि डिस्क मेली म्हणून सकाळी सकाळी ऑफिस ठप्प व्हायला नको. अशांसाठी मी हल्ली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका डीलरकडून सिंगल सॉकेटचा जुना सर्व्हर बोर्ड उचलतो, इंटेल सी६२१ चिपसेट, एलजीए ३६४७ सॉकेट, म्हणजे २०१७ ची पहिली झिऑन स्केलेबल पिढी. बोर्ड कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या चिपसेटच्या बहुतेक बोर्डांना पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू होतं.

तर या चिपसेटमध्ये साटाचे (डिस्क जोडायच्या नेहमीच्या पोर्टचे) दोन कंट्रोलर असतात, एक आठ पोर्टचा आणि दुसरा सहा पोर्टचा, मिळून १४. बोर्डावर सगळे बाहेर काढलेले असतीलच असं नाही. गंमत अशी की दिसायला सगळे पोर्ट शेजारी शेजारी आणि सारख्याच रंगाचे, फक्त बारीक अक्षरात एकावर आय-साटा आणि दुसऱ्यावर एस-साटा छापलंय, ते पण हीटसिंकच्या सावलीत. ज्या अ‍ॅरेवरून, म्हणजे रेडमधल्या डिस्कच्या गटावरून, बूट करायचंय त्याच्या सगळ्या डिस्क एकाच कंट्रोलरवर लावा. एक इकडे एक तिकडे लावली की मेनूत दोन्ही दिसतात पण एका व्हॉल्यूमसाठी (रेडने बनणाऱ्या एकत्रित डिस्कसाठी) सिलेक्ट होत नाहीत, मग माणूस उगाच केबल बदलत बसतो.

आता सेटअप. इथे मॅन्युअलवर माझा राग आहे. जुन्या लेगसी बायोस पद्धतीचे आणि यूईएफआयचे (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचे) स्क्रीनशॉट एकाच चॅप्टरमध्ये खिचडी करून टाकलेत, आणि कुठेही धडपणे लिहिलेलं नाही की रेडचा मेनू सुरुवातीला दिसतच नाही. होतं असं की साटा मोड एएचसीआयवरून (डिस्क सुट्या दिसतात तो साधा मोड) रेडवर करायचा, स्टोरेज ऑप्शन रॉम (डिस्क कंट्रोलरचा बूटच्या वेळचा छोटा प्रोग्राम) लेगसीवरून यूईएफआयवर करायचा, सेव्ह करून रिस्टार्ट मारायचा, आणि मग परत बायोसमध्ये गेलात की अ‍ॅडव्हान्स्डमध्ये खाली इंटेलचं नवीन पान उगवतं. तोपर्यंत कितीही शोधा, सापडणार नाही. ऑप्शन रॉम लेगसीवर ठेवलात तर ते पान येत नाही, त्याऐवजी बूट होताना काही सेकंद कंट्रोल-आय दाबायची संधी मिळते. एक काहीतरी पक्कं ठरवा. माझं मत विचाराल तर २०१७ नंतरच्या बोर्डावर लेगसीत जायचं काही कारण नाही, दोन टीबीच्या वरच्या डिस्कवरून विंडोज बूट करायचं तर जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) आणि यूईएफआय लागतंच.

व्हॉल्यूम बनवणं मात्र एकदम सरळ आहे. नाव द्या, लेव्हल निवडा, दोन डिस्कवर एक्स मारा, क्रिएट. मिररला (रेड एक, दोन्ही डिस्कवर तोच डेटा) स्ट्रिप साइजचा, म्हणजे डेटा केवढ्या तुकड्यांत डिस्कवर वाटायचा याचा, प्रश्नच येत नाही, ती भानगड रेड शून्य, पाच आणि दहाची.

विंडोज सर्व्हर टाकताना इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही तर घाबरू नका, लोड ड्रायव्हरवर क्लिक करून इंटेलचा एफ६ ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यायचा. झिप तशीच टाकून चालत नाही, उघडून टाका. आणि इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह बूट मेनूतून निवडताना ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तोच निवडा. लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, त्याच्या एमडीएडीएम या रेडच्या टूलला इंटेलचा फॉरमॅट कळतो. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) एकाऐवजी दोन एंट्री दिसतील, बहुतेक वेळा १२७ आणि १२६ नंबरच्या, त्यातला एक नुसता कंटेनर असतो आणि दुसरा खरा व्हॉल्यूम. ओएस टाकायचं ते व्हॉल्यूमवर, कंटेनरवर नाही. आणि ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल मशीन चालवायचं ओएस) टाकणार असाल तर साटाचं हे रेड विसरा, त्याला दोन सुट्या डिस्कच दिसणार.

बरेच लोक याला फेक रेड म्हणून नाक मुरडतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे. काम सगळं सीपीयू आणि ड्रायव्हर करतो, रेडच्या वेगळ्या कार्डासारखी कॅश नाही, बॅटरी नाही. रेड पाच यावर मी लावत नाही, लिहितानाच लाइट गेली तर पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब) आणि डेटाचा मेळ बसेलच याची खात्री नाही, आणि वागळेला मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट कधी जाईल ते देवालाच ठाऊक, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या ते शेठलाही आठवत नसतं. पण बूटसाठी दोन एसएसडीचा मिरर करायचा तर मला हे आवडतं, आणि त्यामागे ठोस कारण आहे. लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये ईएफआय पार्टिशनचं (बूटच्या फाइली ठेवायच्या जागेचं) लफडं असतं. फर्मवेअरला मिरर कळत नाही, त्याला नुसतं फॅट पार्टिशन हवं असतं, मग ते दोन्ही डिस्कवर हाताने सारखं ठेवा, बूट एंट्री दोन ठेवा, अपडेटनंतर परत तपासा. इथे फर्मवेअरलाच अ‍ॅरे कळतो, त्यामुळे ईएफआय पार्टिशनसकट सगळंच मिरर होतं. एक डिस्क काढून टाकली तरी मशीन त्याच एंट्रीवरून उठतं. मी डिलिव्हरीच्या आधी हे करूनच बघतो, एक काढा, बूट करा, परत लावून रिबिल्ड (चालू डिस्कवरून डेटा परत भरणं) पूर्ण होऊ द्या, मग दुसरी काढा. क्लायंटसमोर केलं तर बिलाची घासाघीसही कमी होते.

दुसरा फायदा असा की बोर्ड मेला तर अ‍ॅरे अडकत नाही. हार्डवेअर कार्ड गेलं की बहुतेक वेळा त्याच कंपनीचं कार्ड शोधत लॅमिंग्टन रोडला चकरा मारायच्या. इथे कुठल्याही मशीनवर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून मिरर वाचता येतो. मशीन इंटेलचं नसेल तर एमडीएडीएमला प्लॅटफॉर्म तपासू नको असं सांगावं लागतं, बस.

रिबिल्डची एक गोष्ट लक्षात ठेवा. नवीन डिस्क लावली की फर्मवेअर व्हॉल्यूमचं स्टेटस डिग्रेडेडवरून रिबिल्ड करतं आणि खाली बारीक ओळ येते की रिबिल्ड ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होईल. म्हणजे बायोसच्या स्क्रीनवर रात्रभर ठेवलात तर काही होणार नाही, ओएस उठवावंच लागतं. आणि ते चालू असताना डिस्क बिझी असतात. सीए ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं पण, "काय हो दादा, नवीन डिस्क टाकली म्हणालात, मग आज टॅली एवढी रडतेय का?" त्यांना सांगितलं, दुपारपर्यंत थांबा. रिटर्नच्या दिवसांत हे काम संध्याकाळीच सुरू करा.

एनव्हीएमईवर (साटाऐवजी थेट पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडीवर) बूटेबल मिरर हवा असेल तर हिशोब बदलतो. त्याला व्हीआरओसी म्हणतात, बायोसमध्ये त्या स्लॉटचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या रेडच्या ताब्यात देणारी सेटिंग) चालू करावं लागतं आणि बोर्डावर एका छोट्या हेडरमध्ये लायसन्सची की (चावीसारखा छोटा तुकडा) बसवावी लागते. ही की वेगळी विकत घ्यायची असते. स्टँडर्ड कीमध्ये शून्य, एक आणि दहा मिळतं, पाच हवं असेल तर प्रीमियम. साटाला यातलं काहीच लागत नाही. डीलर "एनव्हीएमई रेड सपोर्टेड" म्हणाला तर आधी विचारा, "ती की पण देतोस का?" टॅलीच्या सर्व्हरला साटा एसएसडी पुरते, उगाच खर्च करू नका.

आता काढण्याचं. सगळी मेख इथे आहे, आणि मॅन्युअलमध्ये यावर जेमतेम चार ओळी. इंटेल रेडची आपली माहिती (मेटाडेटा) डिस्कच्या शेवटी लिहून ठेवतो. त्यामुळे क्विक फॉरमॅट करा, नवीन पार्टिशन करा, डिस्कच्या सुरुवातीचे काही एमबी झिरो करा, शेपटीकडचं ते तसंच राहतं, भाडेकरू घर सोडून गेला तरी दारावरची पाटी राहते तसं. मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की लिनक्स म्हणतो ही आयएसडब्ल्यू रेड मेंबर आहे, माउंट करायला कटकट करतो, किंवा रेड मोडमधल्या दुसऱ्या बोर्डात गेली तर तिथे एक जुना डिग्रेडेड व्हॉल्यूम भुतासारखा उभा राहतो. सेकंडहँड डिस्क घेणाऱ्यांनी हे खास बघा, लिनक्समध्ये ब्लकआयडी कमांड चालवली की लगेच कळतं.

क्रम असा ठेवा. बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. डिस्कचे सिरियल नंबर फर्मवेअरच्या पानावर दिसतात, ते लिहून ट्रेवर चिकटवा, नुसत्या पोर्ट नंबरवर विसंबू नका. मग साटा मोड रेडवर असतानाच त्या पानात जाऊन व्हॉल्यूम डिलीट करा, डेटा जाईल अशी वॉर्निंग येते, ती खरी समजा. दोन्ही डिस्क नॉन-रेड दिसायला लागल्या की मगच मोड एएचसीआयवर न्या. उलट केलंत, म्हणजे आधी एएचसीआय केलंत, तर ते पानच गायब होतं आणि मेटाडेटा डिस्कवर तसाच. तेव्हा लिनक्समधून एमडीएडीएमचं झिरो सुपरब्लॉक किंवा वाइपएफएस चालवून साफ करता येतं, फक्त अ‍ॅरे आधी स्टॉप करा आणि डिस्कचं नाव चालवायच्या आधी सिरियलशी ताडून बघा. शेवटी बूट मेनूत जुनी विंडोज बूट मॅनेजरची एंट्री उरली असेल तर ती पण काढा, नाहीतर मशीन उठताना आधी तिच्याच मागे लागतं.

आणि एक खास रिफर्बिश्ड मालासाठी. बोर्ड घरी आला की सगळ्यात आधी सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की सेटिंग डिफॉल्टवर जातात, आणि या बोर्डाचं डिफॉल्ट एएचसीआय आहे. मग मिररच्या दोन डिस्क दोन वेगळ्या डिस्क म्हणून दिसतात, विंडोज तर बहुतेक निळा स्क्रीन देऊन थांबेल, पण लिनक्स एका डिस्कवरून उठून लिहायला लागला की दोन्हींचा डेटा वेगळा होतो, आणि नंतर मोड परत रेड केला तरी कुठली खरी ते ठरवणं म्हणजे डोक्याला ताप. बायोस अपडेट केल्यावर पण मोड तपासा, तेव्हाही सेटिंग उडतात.

स्टार द्यायचे तर दोन साटा एसएसडीच्या बूट मिररसाठी पाचपैकी चार, रेड पाचसाठी एक, मॅन्युअलला दीड. रिमोट केव्हीएम (दुरून मशीनचा स्क्रीन आणि कीबोर्ड वापरायची सोय) ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे ऐरोलीत घरी बसून वागळेच्या मशीनचं बायोस बघता येतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं, पावसाळ्यात तर फारच. डीलर बोर्डाबरोबर आय/ओ शील्ड द्यायला विसरतो, तिथेच उभं राहून मागून घ्या. डिस्प्लेला फक्त व्हीजीए आहे, पहिल्या दिवशी केबल सोबत न्या.