कर्वे रस्त्यावरचा रविवारचा एरर-हँडलिंग वर्ग: सकाळ चोख, दुपार ढिली

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचे एरर क्लास (चुकांच्या प्रकारांचे आपले साचे) कसे लिहायचे, एवढ्याच विषयावर अख्खा दिवस. सकाळचं सत्र पैसे वसूल. 'सुपर'ला (म्हणजे मूळ एरर क्लासला) मेसेज दिल्यावर 'नेम' (आपल्या एररचं नाव) भरलं, तरी नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) 'स्टॅक'ची (चूक कुठून कुठून आली याची यादी) पहिली ओळ त्या नावाऐवजी नुसतं 'एरर' दाखवते, कारण ती ओळ 'सुपर' चालतानाच तयार झालेली असते. 'नेम' भरून मग 'कॅप्चर-स्टॅक-ट्रेस' (ही यादी नव्यानं बनवणारं फंक्शन) बोलावलं की ओळ सुधारते. हे पडद्यावर दोनदा चालवून दाखवतात. मूळ एरर गिळू नका, जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या मानकात आलेल्या 'कॉज'मधून (नव्या एररला मूळ एरर जोडायची जागा) पुढे पाठवा, हेही नीट ठसवलं जातं.

दुपारी मात्र गडबड. सरावाचा टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होणारी भाषा) प्रकल्प अजून ईएस५ टार्गेटवर आहे, म्हणजे रूपांतर जावास्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीत होतं, त्यामुळे आपल्या क्लासचं 'इन्स्टन्स-ऑफ' (हा एरर त्या क्लासचा आहे का, ही तपासणी) चक्क 'फॉल्स' येतं आणि अर्धा तास त्यातच जातो. टार्गेट ईएस२०१५ करा, सुटेल. ट्रेस, म्हणजे तीच स्टॅकची यादी, डीफॉल्टनं दहाच फ्रेम (पायऱ्या) दाखवतो, 'स्टॅक-ट्रेस-लिमिट' वाढवता येतं, याचा तर उल्लेखही नाही.

पार्किंग? कर्वे रस्ता आहे, दुचाकीच न्या. नवशिक्यांनी आधी 'ट्राय-कॅच' (एरर पकडायची मूळ रचना) पक्कं करून जावं.