हौशी नाटकांच्या जुन्या टेप आणि एफएफएमपेग : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेकडे राज्य नाट्य स्पर्धेतील प्रयोगांची, तालमींची आणि नाट्यसंगीताच्या मैफलींची जी चित्रमुद्रणे आहेत, ती सर्व संगणकावर आणून टिकवण्याचे काम गेले वर्षभर मी एफएफएमपेग या चित्र-ध्वनी फाइली हाताळणाऱ्या मुक्तस्रोत साधनाच्या आधारे करीत आहे. या कामासाठी दुसरे कोणतेही साधन मी आता निवडणार नाही. तरीही हे साधन वापरणाऱ्याकडून बरीच समज मागते आणि काही ठिकाणी गप्प राहून नुकसान करते. त्यामुळे अनुभव तपशिलाने लिहिणे मला गरजेचे वाटते.

एफएफएमपेगची सुरुवात फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली केली. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे केवळ मजकुराच्या पडद्यावर, आज्ञा लिहावी लागते. मात्र आज अनेक व्हिडिओ प्लेयर आणि रूपांतरक आतून याच्याच लायब्रऱ्या वापरतात, त्यामुळे ते नकळत आपल्या सर्वांच्या वापरात असतेच.

आमच्या संग्रहात चार प्रकारचा माल आहे : नव्वदीच्या दशकातील व्हीएचएस कॅसेट, त्यानंतरच्या मिनीडीव्ही टेप, डीव्हीडी आणि अलीकडची मोबाइलवरची चित्रणे. यातील प्रत्येकाला वेगळी वागणूक द्यावी लागते, आणि तिथेच पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. फाइलच्या नावापुढचे एमपी४ किंवा एमकेव्ही हे केवळ कंटेनरचे, म्हणजे चित्र-आवाज एकत्र ठेवणाऱ्या वेष्टनाचे नाव आहे. आतले चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबण्या-उलगडण्याच्या कोणत्या पद्धतीने, बांधले आहे हे त्यावरून कळत नाही. एफएफएमपेगसोबत येणारे एफएफप्रोब ते सांगते. कोडेक योग्य असेल आणि केवळ कंटेनर बदलायचा असेल, तर 'कॉपी' हा पर्याय देऊन दोन तासांचे नाटक अल्पावधीत एका कंटेनरमधून दुसऱ्यात नेता येते आणि चित्राचा एकही बिंदू बदलत नाही. बाजारातील बहुतेक 'कन्व्हर्टर' हेच काम पूर्ण चित्र नव्याने दाबून (कॉम्प्रेस करून) करतात, आणि दर वेळी गुणवत्ता थोडी थोडी उतरत जाते.

मिनीडीव्हीच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरला. या टेपवरची माहिती मुळातच अंकीय असते, त्यामुळे कॅमेरा फायरवायर केबलने संगणकाला जोडला की ती जशीच्या तशी उतरवता येते. चित्राचा प्रवाह सेकंदाला २५ मेगाबिट असतो आणि आवाज वगैरे धरून तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. आजच्या हार्डडिस्कच्या मानाने ही जागा काहीच नाही, म्हणून डीव्ही प्रवाह दुसऱ्या कशातही न बदलता तसाच ठेवणे हाच माझ्या मते एकमेव योग्य मार्ग आहे. पूर्वी एका दुकानातून यातील काही टेपच्या डीव्हीडी करून घेतल्या होत्या. त्यांत चित्र पुन्हा दाबलेले तर आहेच, शिवाय प्रत्येक फ्रेममधील दोन फील्ड (एकाआड एक ओळींचे दोन अर्धे भाग) एकमेकांत मिसळून टाकल्यामुळे प्रत्येक हालचालीमागे सावली दिसते. मूळ टेप जपून ठेवल्या होत्या म्हणून ते प्रयोग आज स्वच्छ पाहता येतात.

व्हीएचएसचे गणित वेगळे आहे. तिथे संकेत अ‍ॅनालॉग असतो आणि तो अंकीय करताना कोणत्या स्वरूपात साठवायचा हे आपल्यालाच ठरवावे लागते. भारतात पाल पद्धत असल्यामुळे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे मिळते. ८ बिट खोलीचे ४:२:२ (रंगांचा आडवा तपशील निम्मा ठेवणारे) चित्र अजिबात न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ७५ जीबी, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला सव्वादोनशे जीबी जागा लागते. यावर एफएफव्ही१ हा कोडेक उत्तम उपाय आहे. तो चित्र दाबतो, पण काहीही गमावत नाही. मायकेल नीडरमायर यांनी तो एफएफएमपेगमध्येच घडवला, आणि २०२१ साली त्याचे वर्णन आरएफसी ९०४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाले. व्हिएन्नाच्या ओस्टररायखिशे मेडियाटेक या दृकश्राव्य संग्रहासारख्या मोठ्या संग्रहालयांनी तो स्वीकारला आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फ्रेमचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची तपासबेरीज (बिघाड ओळखण्यासाठी माहितीवरून काढलेला आकडा) आतच ठेवता येते, त्यामुळे पुढे डिस्क खराब झाली तर नेमका कोणता भाग बिघडला हे शोधता येते. जुन्या कॅसेटवरची 'खरखर' जितकी अधिक, तितकी जागेची बचत कमी होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

विश्वास ठेवण्याचे खरे कारण मला 'फ्रेमएमडी५' या सोयीत सापडले. मूळ चित्रातील प्रत्येक फ्रेमची एमडी५ पद्धतीची तपासबेरीज काढायची, एफएफव्ही१ फाइल उलगडून तिचीही काढायची आणि दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. त्या तंतोतंत जुळल्या की 'काहीही गमावले नाही' हे विधान कुणाच्या शब्दावर घ्यावे लागत नाही. इतकी पारदर्शकता मी वापरून पाहिलेल्या कोणत्याही विकतच्या साधनात मला मिळाली नाही.

सर्वांत जास्त वेळ इंटरलेसिंगने, म्हणजे एकाआड एक ओळींत चित्र टिपण्याच्या पद्धतीने, घेतला. पाल चित्रातील प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते, म्हणजे सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण टिपलेले असतात. संगणकाच्या पडद्यावर ते तसेच दाखवले की हलत्या हातापायांना कंगव्यासारखे दाते दिसतात. लावणीतील पदन्यास किंवा झपाट्याने रंगमंच ओलांडणारा नट यांच्या बाबतीत हे फार खटकते. एफएफएमपेगमधील 'बीडब्ल्यूडिफ' हा फिल्टर प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम बनवून सेकंदाला ५० फ्रेमचे चित्र देतो आणि मूळची ओघवती हालचाल परत आणतो. निम्म्या फील्ड टाकून २५ फ्रेम ठेवल्या, तर नृत्य अडखळल्यासारखे वाटते. फील्डचा क्रमही तपासावा लागतो. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, आणि हे चुकीचे नोंदलेले असेल तर हालचाल पुढे-मागे थरथरते. हा फिल्टर फक्त पाहण्याच्या प्रतीवर लावावा. जतनाची प्रत इंटरलेस्ड असेल तर तशीच राहू द्यावी, कारण उद्या याहून चांगला फिल्टर येईल.

पाहण्याच्या प्रती मी एच.२६४ या सर्वत्र रूढ कोडेकमध्ये करतो, कारण जुना मोबाइल असो की टीव्ही, ते चित्र सगळीकडे चालते. त्यासाठी सीआरएफ हा गुणवत्तेचा आकडा डीफॉल्ट २३ असतो; रंगमंचावरच्या अंधाऱ्या दृश्यांत त्याने चौकोनी डाग पडतात, म्हणून मी १८ ठेवतो. रंगांची रचना ४:२:० (रंगांचा तपशील आणखी कमी ठेवणारी) करावीच लागते, नाहीतर ४:२:२ चित्र अनेक फोनवर उघडतच नाही. 'फास्टस्टार्ट' पर्याय दिला की फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण डाउनलोड होण्याआधीच नाटक सुरू होते.

आता मराठीचा प्रश्न. चित्रावर थेट मजकूर उमटवणाऱ्या 'ड्रॉटेक्स्ट' फिल्टरला जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडणी येत नव्हती : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसण्याऐवजी नंतर दिसे आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटत. आपल्या नटनट्यांची नावे अशी मोडलेली पाहणे क्लेशकारक असते. यावर मला खात्रीचा मार्ग वाटतो तो म्हणजे मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमध्ये लिहून 'लिबअ‍ॅस' या उपशीर्षके रेखाटणाऱ्या लायब्ररीमार्फत उमटवणे, कारण ती हार्फबझ या अक्षरजोडणीच्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे योग्य घडवते. जुन्या संहिता श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर आधी त्यांचे युनिकोड रूपांतर करणे अपरिहार्य आहे.

तक्रारींपैकी सर्वांत गंभीर तक्रार गप्प राहण्याची आहे. वेगळे काही सांगितले नाही तर एफएफएमपेग एक चित्रप्रवाह आणि एकच ध्वनिप्रवाह निवडते व बाकीचे चित्र-ध्वनिप्रवाह सोडून देते. काही मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत १२ बिटच्या पद्धतीत आवाजाच्या दोन जोड्या असतात. 'मॅप' पर्यायाने सर्व प्रवाह मागितले नाहीत तर दुसरी जोडी नव्या फाइलमध्ये येत नाही, आणि त्याबद्दल ठळक इशाराही मिळत नाही. जतनाच्या कामात हे धोकादायक आहे. दुसरी अडचण पर्यायांच्या क्रमाची : तोच पर्याय आत येणाऱ्या फाइलच्या आधी लिहिला तर वेगळा अर्थ, नंतर लिहिला तर वेगळा. अधिकृत दस्तऐवज परिपूर्ण आहेत, पण ते जाणकारांसाठी लिहिलेले आहेत, आणि मराठीत या विषयावर नीट लिहिलेले मार्गदर्शन मला जवळपास मिळालेच नाही.

टर्मिनल नकोच असेल त्यांनी पाहण्याच्या प्रतींसाठी हँडब्रेक हे बटणांवर चालणारे रूपांतरक जरूर वापरावे. आमच्या संस्थेतील दोन सदस्य ते सहज शिकले. मात्र हँडब्रेक चित्र नेहमी नव्यानेच दाबते, त्यात चित्रासाठी 'कॉपी'ची सोय नाही, म्हणून जतनाच्या प्रतींना ते लावू नये.

ज्या संस्थांकडे अशा टेप पडून आहेत, त्यांनी सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ न घालवता आधी चालू स्थितीतील व्हीसीआर आणि डीव्ही कॅमेरा मिळवावा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत टेपना बुरशी धरते. तशी टेप साफ न करता लावली तर यंत्राचे हेडही खराब होते, आणि असे हेड बदलून देणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत.