अथेनेचे ऑलिव्ह आणि पोसायडनचा खारा झरा

अथेन्सचे पालकत्व कोणाकडे जावे, यावरून बुद्धीची देवता अथेना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली, अशी ग्रीक कथा आहे. पोसायडनने शहरातल्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला. अथेनेने तिथेच ऑलिव्हचे झाड लावले आणि स्पर्धा जिंकली. पुढे अथेन्सचे सामर्थ्य आरमारावरच उभे राहिले, हे लक्षात घेता समुद्राची खूण असलेल्या त्या झऱ्याला निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही अथेनेची देणगी मला निःसंशय श्रेष्ठ वाटते, कारण अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रदेशाच्या ज्या कोरड्या, हलक्या जमिनीत गहू नीट येत नसे, तिथे हे झाड तग धरते आणि खाण्यासाठी, दिव्यासाठी व अंगाला लावण्यासाठी तेल देते. अथेनेच्या सन्मानार्थ होणाऱ्या पॅनथेनाइक खेळांतील विजेत्यांना याच तेलाने भरलेले चित्रांकित कुंभ मिळत. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने ॲक्रोपोलिस जाळल्यावर त्या जळालेल्या झाडाला दुसऱ्याच दिवशी हातभर कोंब फुटलेला दिसला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे. अथेन्सकरांनी मात्र पराभूत देवालाही दूर लोटले नाही. एरेक्थिऑन मंदिरात त्याचीही पूजा होत असे, आणि अथेनेच्या पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिमेकडील छताखालच्या त्रिकोणी शिल्पपटात दोघे समोरासमोर कोरलेले होते.