आभाळातली वीज की गच्चीवरचं सोलर?

येऊरच्या डोंगरावर वीज कडाडली की आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत कुणीतरी म्हणतंच, ही पकडता आली तर बिलच येणार नाही. पण हिशोब बघा ना, एका विजेत साधारण १ अब्ज ज्यूल, म्हणजे २८० युनिटच्या आसपास, त्यातलं बरंचसं हवा तापवण्यात नि गडगडाटात जातं, उरलेलं पापणी लवायच्या आत हजारो अँपिअरने येतं, ते झेलणारी बॅटरी कुठून आणायची? शिवाय ती पडणार कुठे, कुणाला ठाऊक.

गच्चीवरचं ३ किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात रोज १२-एक युनिट देतं, पावसात कमी, पण २३-२४ दिवसांत तेवढीच वीज मीटरला जमा. माझं मत सोलरलाच. फक्त पॅनेलवरची कबुतरांची घाण वेळच्या वेळी पुसा, आणि अर्थिंगची पट्टी गंजलीय का तेही बघा.