पद्मिनीचे हेडलाइट: जुनं वायरिंग साफ करायचं, रिले टाकायचा की थेट एलईडी?

लाइट पिवळट पडलाय म्हटलं की पहिला सल्ला येतो 'एलईडी टाक', दुकानवालाही तेच खोके पुढे सरकवतो. पण जुन्या फियाट ११०० किंवा पद्मिनीत दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतोच, बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या वाटेत असतो. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो, ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण ९ अँपिअर, आणि तेही कित्येक वर्षं काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधून. वाटेत व्होल्टेज १० टक्के गळलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हॅलोजनचं गणितच तसं आहे.

म्हणून काहीही ठरवायच्या आधी मल्टिमीटर घ्या. लाइट चालू ठेवूनच मापायचं, बंद असताना मापून काही कळत नाही. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या होल्डरच्या प्लस पिनवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर वायरिंग ठणठणीत आहे, दीड-दोन आलं तर बल्ब बदलून पैसे पाण्यात. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थ पिनपर्यंत (अर्थ म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) मापा. एक खूण मीटरशिवायही कळते, डिपरवर (खालच्या झोतावर) असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा (वरच्या झोताचा) दिवा अंधुक पेटत असेल तर बहुतेक एका हेडलाइटची अर्थ गेलीय, करंटला बॉडीकडे जायला वाट नाही म्हणून तो अप्परच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो.

आता पहिला पर्याय, नुसती साफसफाई. अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावा, फ्यूजच्या पट्ट्या घासा, वितळलेले होल्डर बदला. खर्च जवळपास शून्य, एक दुपार जाते. ज्यांची गाडी ५० वर्षांवरची आहे आणि २०२१ च्या नियमाने व्हीए सिरीजचं विंटेज रजिस्ट्रेशन केलंय किंवा करणार आहेत, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण त्या गाड्या रोजच्या वापराला काढताच येत नाहीत, रॅली-प्रदर्शनापुरत्याच निघतात, मग रात्रीचा घाट येतोच कुठे.

रात्री गाडी चालवणार असाल तर मात्र माझं मत रिलेलाच, म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्याशा करंटवर चालणारा आणि बल्बचा मोठा करंट थेट बॅटरीवरून सोडणारा छोटा डबीसारखा स्विच. दोन रिले, एक अप्परला एक डिपरला. बॅटरीवरून फ्यूज घेऊन जाड वायर ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बकडे, ८५ अर्थला आणि ८६ ला हेडलाइटची जुनीच वायर. स्विचवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी, त्यामुळे तो मिळेनासा झालेला स्विचही वाचतो. मेन वायर ४ स्क्वेअर एमएम, पुढे प्रत्येक बल्बला २.५, आणि अर्थची वायर पण नवीन ओढा, लोक नेमकी तीच विसरतात. फ्यूज डाव्या-उजव्याला वेगळे ठेवा, नाहीतर एक उडाला की दोन्ही डोळे बंद. जुना हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कुठेही कापायला लागत नाही, उद्या कुणाला ओरिजिनल हवं असेल तर तासाभरात पूर्ववत. तयार किट मिळतात, पण पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटं सामान घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घेतलेलं बरं, कारण किटमधली वायर बाहेरून जाड आणि आत तांबं किती ते कापल्यावरच कळतं.

रिलेनंतर ६०/५५ वॅटचा एच४ (अप्पर-डिपर दोन्ही फिलामेंट असलेला हॅलोजन बल्ब) लावा, १००/९० चा मोह नको, रिफ्लेक्टर आणि होल्डर भाजतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं ते वेगळंच. इम्पोर्टेड काच घेणार असाल तर डावीकडे चालणाऱ्या देशाचीच घ्या, युरोपातल्या बहुतेक काचांचा डिपर उजवीकडे चढतो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या तोंडावर.

एलईडी? एकच जागा आहे जिथे तो मला पटतो, गाडी अजून डायनामोवर (अल्टरनेटरच्या आधीचा, बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) असेल तर. आयडलला डायनामो पुरेसा करंट देत नाही, तिथे रिले लावूनही सिग्नलला लाइट बसतोच, आणि एलईडी कमी करंट खातो. पण एच४ च्या काचेची सगळी आखणी फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते, चिप मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली की डिपरची रेघ (उजेड जिथे संपून वर अंधार सुरू होतो ती कड) फिस्कटते. शिवाय पद्मिनीत हेडलाइटच्या मागे पत्र्याची बंद वाटी आहे, त्यात फॅनवाला एलईडी बसवायलाच मारामारी आणि बसला तरी गरम हवेतच फिरत राहणार. हौस असेल तर लावा, पण आधी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची रेघ बघा, सरळ येत नसेल तर त्याच दिवशी बल्ब परत करा.